ओल्या परकराचं वजन

घर दाखवायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, "तुला आंघोळीला किती वेळ लागतो?"

मी दारात उभी होते. अमेरिकेत पार्सिपनीतल्या नव्या प्रोजेक्टवर येऊन आठवडा झाला होता आणि तीन वर्षांतलं हे माझं चौथं घर असणार होतं. वाद घालायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, "दहा मिनिटं."

"केस धुतेस त्या दिवशी?"

"वीस."

त्यांनी शर्टच्या खिशातून छोटी वही काढून ते लिहून घेतलं. मग माझी उंची विचारली. मी तिथूनच परत फिरले असते, पण आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अगं, घाबरू नकोस. त्यांना बाथरूमचं वेड आहे, बाकी माणूस साधा आहे. ये आत, चहा टाकलाय." आवाज हळू होता आणि जरासा कापत होता. त्या आवाजामुळे मी आत गेले आणि पुढे अडीच वर्षं त्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिले.

काका मूळचे साताऱ्याचे. उंच, किडकिडीत, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी मोजायचा टेप. आयुष्यभर एका कंपनीत त्यांनी हॉस्पिटलांच्या हीटिंगची ड्रॉइंग्ज केली होती. कुठल्या खोलीला केवढा रेडिएटर लागेल, हे ठरवणं म्हणजे त्यांची नोकरी. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी ती नोकरी त्यांच्या अंगातून गेली नव्हती. घर जुनं होतं, तळघरात बॉयलर, तिथून गरम पाणी पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरायचं. प्रत्येक खोलीत सुतळीला बांधलेला एक थर्मामीटर लटकत असे. मी कंटाळून ऑफिसमधून यावं, बूट काढावेत, आणि दारावर टकटक व्हावी. "तुझ्या बाथरूमचं रीडिंग घ्यायचं होतं." मी दार उघडायचे आणि तशीच कोटासकट खुर्चीत बसून राहायचे. ते आत जायचे, भिंतीला तळहात लावायचे, वहीत काहीतरी लिहायचे आणि निघून जायचे. इकडची तिकडची एक गोष्ट नाही.

एकदा मी वरच्या रेडिएटरवर जीन्स वाळत टाकली होती. ती त्यांनी पाहिली. पुढची वीस मिनिटं मला ऐकावं लागलं की रेडिएटर ही वलणी नव्हे. त्यावर कपडा टाकला की त्याची निम्मी ताकद गेली, खोली गार, वर भिंतीला ओल. "कपडे वाळवायला ड्रायर आहे, तो वापर. रेडिएटर हवेसाठी असतो." मी नागपूरची. आमच्याकडे भिंतीत खिळा दिसला तरी माणूस त्यावर टॉवेल टाकतो. पण त्या दिवशी मी गप्प बसले, कारण बोलले असते तर आणखी वीस मिनिटं गेली असती.

लोकांच्या घरी त्यांना न्यायचं म्हणजे काकूंचा जीव मेटाकुटीला यायचा. एकदा ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. चाळीस-पन्नास माणसं, एक बाथरूम, बाहेर लहान मुलांची रांग, आणि दार काही उघडेना. शेवटी काका बाहेर आले ते टेप गुंडाळत. यजमानांना सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचा रेडिएटर या खोलीच्या दुप्पट आहे. कोणी बसवला?" यजमान म्हणाले, "काका, प्लंबर म्हणाला मोठा घ्या, सेफ राहील." काकांनी असा चेहरा केला की जणू कोणीतरी प्रसादाचा शिरा जमिनीवर सांडला होता. "मोठा घेणं म्हणजे आळस," ते म्हणाले. "खोली मोजायचा आळस." काकूंनी माझ्याकडे बघून डोळे मिटले. परत येताना गाडी मी चालवत होते. मागच्या सीटवर काका यजमानांच्या बाथरूमचे आकडे वहीत उतरवत होते.

मात्र एक गोष्ट त्यांनी मला एकदा सांगितली, ती मी विसरलेले नाही. मी चिडून विचारलं होतं की एवढं काय आहे बाथरूममध्ये? ते म्हणाले, "बाकी खोल्यांत माणूस कपड्यांत असतो. गार वाटलं तर स्वेटर घालतो. बाथरूममध्ये तो ओला आणि उघडा असतो, आणि आजारी असेल तर कोणाला हाकही मारायची लाज वाटते. तिथे चुकायचं नसतं." एवढं बोलून ते पुन्हा थर्मामीटरकडे वळले.

काकूंना पार्किन्सन्स होता. मी राहायला आले तेव्हा नुसते हात थरथरायचे. दुसऱ्या वर्षी वॉकर आला. त्यांचं बाथरूम लहान, त्यात खिडकीखाली जुना बिडाचा रेडिएटर, एखाद्या ट्रंकेएवढा. वॉकर आत वळेना. काकू शॉवर घेत नसत. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बादली आणि तांब्या घेऊन आंघोळ करायच्या, अमेरिकेत चाळीस वर्षं काढूनही. ते स्टूल, बादली आणि वॉकर मावायला जागा हवी होती. म्हणून सप्टेंबरमध्ये काकांनी प्लंबर बोलावून तो जुना रेडिएटर काढला. त्याच्या जागी भिंतीला लागून उभी, आतून गरम पाणी फिरणारी, शिडीसारखी टॉवेल रेल लावायची असं ठरलं, तीच खोली गरम करेल. खालची जागा मोकळी होईल.

त्यांचा मुलगा दूर, विमानाने जावं लागेल अशा नेपरव्हिलला. त्याचं म्हणणं वर्षभर एकच होतं: हे घर विका आणि माझ्याकडे या. आई एकटी आंघोळ करू शकत नसेल तर तुम्ही दोघं इथे राहू शकत नाही. यात त्याचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. काकूंना मात्र जायचं नव्हतं. त्यांनी मला भाजी निवडताना सांगितलं होतं, "तिकडे सून चांगली आहे गं. पण तिकडे मला कोणीतरी आंघोळ घालणार. इथे मी माझी करते." फेब्रुवारीतल्या लाँग वीकेंडला मुलगा येऊन काय ते ठरवणार होता. तोवर काकूंनी आपली आपण, दार लावून, आंघोळ करून दाखवायची होती. सगळं त्या एका शिडीवर येऊन थांबलं.

आणि काका साइझ ठरवेनात.

ऑक्टोबर गेला. भिंतीवर दोन पाइपांची बुचं मारलेली तोंडं तेवढी दिसत होती. काकांनी भिंती मोजल्या, छत मोजलं, खिडकीची काच किती जुनी ते पाहिलं, एक्झॉस्ट फॅन किती हवा ओढतो ते दारात टिश्यू पेपर धरून पाहिलं. डायनिंग टेबलावर कागद वाढत गेले. बाहेर पानं गळून संपली. काकू स्वयंपाकघरात खुर्चीत बसून ओल्या टॉवेलने अंग पुसून घ्यायला लागल्या. मी म्हटलं, तात्पुरता इलेक्ट्रिक हीटर ठेवू. काका म्हणाले, "पाणी आणि प्लग एका खोलीत नको. तिचा हात थरथरतो." 

रविवारी मुलाचा फोन यायचा, स्पीकरवर. "बाबा, इट्स अ टॉवेल रॅक. जस्ट बाय द बिगर वन."

"मोठी घेतली की खोली भाजते," काका म्हणायचे. "तुझ्या आईला घाम आला आणि चक्कर आली तर?"

"अँड इफ शी फ्रीझेस?"

काका फोन बंद करायचे नाहीत, फक्त उठून बॉयलरकडे जायचे. फोन तसाच टेबलावर चालू. मग मी किंवा काकू त्याच्याशी हवापाण्याचं बोलायचो.

त्या दिवसांत मी खरोखर वैतागले होते. ऑफिसात माणसं कमी करत होते, माझ्या व्हिसाची फाइल कुठेतरी पडून होती, आणि घरी आलं की हा माणूस उष्णता मोजायचे, बीटीयूचे आकडे ऐकवायचा. एकदा मी तोंडावर म्हटलं, "काका, थंडी पडून राहिली आहे, आणि तुम्ही अजून गुणाकार करून राहिले." त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "उद्या ऑर्डर देतो," ते म्हणाले, आणि खरंच दिली.

डिसेंबरात शिडी लागली. सुबक, चकचकीत, बरोबर हिशोबाची. काकांनी शिडीचा व्हॉल्व्ह उघडला, तासाभराने थर्मामीटर पाहिला आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. जेवढं हवं तेवढंच, एक डिग्री इकडे नाही की तिकडे नाही. दुसऱ्या दिवशी काकू आंघोळीला गेल्या. अर्ध्या तासाने बाहेर आल्या तेव्हा ओठ निळे पडले होते. दात वाजत होते. मी त्यांना दोन रजया गुंडाळल्या आणि काका पुन्हा थर्मामीटर घेऊन आत पळाले. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. रिकाम्या खोलीत रीडिंग बरोबर यायचं आणि काकू आत गेल्या की खोली गार पडायची. काकांनी सगळा हिशोब पहिल्यापासून पुन्हा केला. चूक सापडेना.

शनिवारी काकूंनी मला पाठ चोळायला आत बोलावलं. आत गेले आणि मला ते दिसलं. शिडीच्या दांड्या दिसतच नव्हत्या. वरपासून खालपर्यंत परकर, गाऊन, पंचा, आतले कपडे. काकू आंघोळीच्या आधी आपले कपडे साबणाने धुवायच्या आणि समोरच्या दांड्यांवर टाकायच्या, लहानपणापासून करत आल्या तसं. थरथरत्या हातांनी पिळता येत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक कपड्यातून पाणी टपकत होतं. ती गरम शिडी बिचारी ते पाणी वाळवण्यात गुंतली होती. खोलीला द्यायला तिच्याकडे काही उरत नव्हतं. आंघोळ झाली की काकू ते सगळं बादलीत भरून वॉकरवर ठेवून बाहेर आणायच्या, म्हणून काकांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

मी जाऊन काकांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं, पण ज्या पद्धतीने सांगितलं त्याची मला अजून लाज वाटते. मी हसत हसत सांगितलं.

काका हसले नाहीत. ते बाथरूमच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "ती रेडिएटर आहे. वलणी नाही. किती वेळा सांगायचं घरात?"

काकू स्टुलावर पंचा गुंडाळून बसल्या होत्या. "मग मी धुतलेलं कुठे टाकू?"

"धुतेस कशाला? मशीन आहे. बास्केटमध्ये टाक, मी लावतो."

"माझे आतले कपडे मी आजवर कोणाला धुवायला दिलेले नाहीत," काकू म्हणाल्या. "आईला दिले नाहीत, बाळंतपणात दिले नाहीत. हात थरथरतात म्हणून आता तुम्हाला देऊ?"

"मला द्यायला काय झालं? मी काय परका आहे?"

काकूंनी हात पुढे करून दार लावून घेतलं. त्यानंतर त्या बाथरूममध्ये आंघोळीला गेल्या नाहीत. पुन्हा स्वयंपाकघरात खुर्चीवर ओल्या टॉवेलने पुसणं सुरू झालं, आणि कपडे त्या सिंकमध्ये धुवायच्या. शिडी रिकाम्या खोलीला अगदी बरोबर गरम ठेवत होती. असे तीन आठवडे गेले. फोनवर मुलाने तिकिटाची तारीख सांगितली. मी मनातून त्यांना नेपरव्हिलला पाठवूनही दिलं होतं. नवं घर शोधावं लागेल, या विचारानेच मला झोपून राहावंसं वाटायचं.

जानेवारीतल्या एका सकाळी काकांनी जिन्यातून हाक मारली, "खाली ये, लिहून घ्यायला माणूस हवाय." स्वयंपाकघरात काकू खुर्चीत बसल्या होत्या, समोर पाण्याची बादली, त्यात भिजवलेला परकर. ओट्यावर तो वजनकाटा, ज्यावर काकू दिवाळीत लाडवांचं बेसन मोजायच्या.

"पीळ," काका म्हणाले.

"किती?"

"रोज पिळतेस तेवढंच. माझ्यासाठी जास्त पिळू नकोस."

काकूंनी पिळला. पाणी मनगटांवरून कोपरांपर्यंत ओघळलं. काकांनी तो परकर दोन्ही हातांत घेतला आणि काट्यावर ठेवला. आकडा सांगितला, मी लिहिला. मग गाऊन. मग पंचा. आतल्या कपड्यांची वेळ आली तेव्हा काका पाठ करून खिडकीकडे बघत उभे राहिले. ते कपडे मी काट्यावर ठेवले आणि आकडा वाचला. काकू म्हणाल्या, "या वयात परकरांची वजनं करायला लागलात," पण आवाजात राग नव्हता.

मग काकांनी टेप काढला. "उभी राहा. हात वर कर. कुठवर जातो?"

"खांद्यापर्यंत. त्याच्या वर जात नाही आता."

त्यांनी जमिनीपासून काकूंच्या बोटांपर्यंत मोजलं. "खालच्या दांड्या तुझ्या," ते म्हणाले. "वरच्या खोलीसाठी ठेवू. तुझा हात तिथे पोचतच नाही, म्हणजे त्या मोकळ्या राहतील." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढी वर्षं हॉस्पिटलं केली. पेशंट कपडे धुतो, हे हिशोबाच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. हिला विचारायला पाहिजे होतं. चार महिने भिंती मोजत बसलो."

दुसरी शिडी आली ती माझ्यापेक्षा उंच होती. पहिलीच्या दुप्पट तरी असेल. त्या एवढ्याशा बाथरूममध्ये ती भिंतभर उभी राहिली. प्लंबरने विचारलं, नक्की हीच का? काका म्हणाले, हीच. सत्यनारायणाच्या यजमानांनी पाहिली असती तर काय म्हणाले असते, असं माझ्या मनात आलं. पण त्यांचा चेहरा इतका दमलेला होता की चेष्टा करवेना.

मुलगा शुक्रवारी संध्याकाळी आला. शनिवारी सकाळी काकू आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही तिघं बाहेर चहा घेत बसलो. आतून आधी कपडे चोळल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. मुलगा उठायला लागला. काकांनी नुसता हात वर केला. मग तांब्याचा आवाज आला, एक, मग दुसरा. चाळीस मिनिटांनी दार उघडलं. काकू वॉकर धरून उभ्या होत्या, केस ओले, गाल लाल.

"उकडतंय आत," त्या म्हणाल्या. "जरा कमी करा ते."

काका उठले आणि त्यांच्या बाजूने आत गेले. व्हॉल्व्ह फिरवायला अर्धं मिनिट लागतं. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मुलाने दाराकडे पाहिलं, मग आईकडे, आणि म्हणाला, "ओके, आई. वी'ल सी नेक्स्ट इयर."

त्यांना एवढंच मिळालं, एक हिवाळा आणि दुसऱ्याची सुरुवात. पुढच्या डिसेंबरात काकू पडल्या, पण बाथरूममध्ये नव्हे. बाहेरच्या पायरीवर बर्फ होता, टपाल घ्यायला दोन पावलं गेल्या होत्या. खुबा मोडला. हॉस्पिटलमधून त्या या घरात परत आल्याच नाहीत, थेट नेपरव्हिलला गेल्या. काकांनी घर रिकामं केलं तेव्हा मी मदतीला होते. त्यांनी थर्मामीटर एकेक करून काढले आणि वर्तमानपत्रात गुंडाळले. त्या शिडीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मागच्या महिन्यात मी फोन केला. काकांनी उचलला. मी विचारलं, "कसं आहे तिकडचं बाथरूम?"

"चांगलं आहे," ते म्हणाले. "फरशीतूनच गरम होतं. भिंतीवर काही नाही. बाई येते एक, ती हिला आंघोळ घालते. कपडे मशीनला जातात. गार लागत नाही हिला." पुढे म्हणाले, "मला काही करण्यासारखं नाही तिथे." मग काकूंना फोन दिला.

काकूंचा आवाज आता इतका बारीक झाला आहे की मला फोन कानाला घट्ट दाबावा लागला. मी विचारलं, बरं आहे ना? त्या म्हणाल्या, बरं आहे. सगळे खूप करतात. मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "दिवसभर सोफ्यावर बसून असतात गं. जेवतात, बसतात. त्यांना काहीतरी मोजायला दे."

फोन पुन्हा काकांकडे गेला. मी म्हटलं, "काका, माझ्या नव्या अपार्टमेंटचं बाथरूम फार गार पडतं. काय करू कळत नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कागद शोधल्याचा. "खिडकी कुठल्या बाजूला आहे?" त्यांनी विचारलं.

माझ्या बाथरूमला खिडकी नाही. मी म्हटलं, "उत्तरेला."